जिवंतपणी स्वतःचा मृत्युलेख लिहून ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय काढला की लोक आधी दचकतात, मग थोड्या वेळाने बाजूला घेऊन प्रश्न विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिलीत. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचलंत तरी चालेल.

मृत्युलेख म्हणजे निधनाची बातमीच ना?

नाही, दोन्ही वेगळं आहे. बातमीत कोण गेलं, कधी गेलं, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता, मागे कोण कोण आहे एवढंच असतं, चार-पाच ओळी, लोकांना कळावं म्हणून. मृत्युलेखात माणसाचं आयुष्य येतं. कुठे वाढला, काय काम केलं, कशात जीव रमायचा, कोणाला तो का आठवणार. इथे मुख्यतः मृत्युलेखाबद्दल बोलतोय, पण दोन्ही तयार ठेवा, कारण पहिल्या तासाभरात लागते ती बातमीच.

हे मी कशाला लिहू? घरचे लिहितील की.

लिहितील, पण कुठल्या अवस्थेत लिहितील ते बघा. माणूस गेल्यावर डॉक्टरांचा दाखला, अंत्यविधीची तयारी, न थांबणारे फोन, लांबून निघालेल्यांची वाट बघणं हे सगळं एकदम अंगावर येतं आणि त्यातच कोणीतरी विचारतं, पेपरला काय द्यायचं? मग त्यातल्या त्यात जो सावरलेला आहे त्याच्या हातात कागद दिला जातो, त्याला तुमचं शिक्षण कुठल्या साली पूर्ण झालं ते माहीत नसतं, पहिली नोकरी कुठली ते आठवत नसतं, आणि ज्याला माहीत असतं तो रडत असतो नाहीतर प्रवासात असतो. आमच्या आत्याचा मजकूर लिहायला बसलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि लग्नाआधी ती कुठे आणि काय काम करायची हे एकालाही नक्की सांगता येईना. तिला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं तिने.

आणि दुसरं असं की प्रत्येकाला आपली एकच बाजू माहीत असते. मुलांना आपण आई-बाप म्हणून माहीत, ऑफिसात कामापुरते माहीत, जुन्या मित्राला कॉलेजातले माहीत. सगळं मिळून कोण होतो ते एकत्र सांगू शकेल असं माणूस एकच, आपण स्वतः.

हे अशुभ नाही का? मरण ओढवून घेतल्यासारखं वाटतं.

वाटतं, आणि त्या वाटण्याला कोणी हसू नये. पण आपण विमा काढतो, मृत्युपत्र करतो, नॉमिनीचं नाव भरतो तेव्हा असं म्हणत नाही, तिथेही विचार मरणाचाच असतो. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या थडग्यावर काय लिहावं ते १७२८ च्या सुमारास, म्हणजे साधारण २२ व्या वर्षी लिहून ठेवलं होतं आणि तो ८४ वर्षं जगला, १७९० मध्ये गेला. त्यातलीही पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती अशी की म्हातारपणी मृत्युपत्रात त्याने साधा दगड आणि त्यावर फक्त स्वतःचं आणि बायकोचं नाव आणि साल एवढंच मागितलं, आणि तसंच झालं. म्हणजे तरुणपणी लिहिलेलं त्याने स्वतःच बाजूला ठेवलं. तुम्हीही लिहाल, दहा वर्षांनी बदलाल, त्यात काही बिघडत नाही.

घरातल्या मोठ्यांना मात्र खरंच भीती वाटत असेल तर त्यांच्यावर जबरदस्ती नको. त्यांच्याकडून फक्त जुन्या गोष्टी ऐका आणि लिहून घ्या, मृत्युलेख हा शब्द काढायची पण गरज नाही.

कितव्या वर्षी लिहावा?

ज्याच्या जाण्याने कोणाला तरी कागदपत्रं शोधावी लागणार आहेत त्या प्रत्येकाने, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच. तिशीत असाल तर दहा ओळी पुरेत. पन्नाशी-साठीत नीट बसून लिहा. गंभीर आजाराचं निदान झालं असेल तर आज सुरू करा, कारण पुढे औषधांनी गुंगी येते, हात चालत नाही, बोलताना दम लागतो.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७७६ च्या एप्रिलमध्ये, पोटाचा आजार बरा होणार नाही हे कळल्यावर, आपल्या आयुष्याची अगदी छोटी हकीकत लिहिली. त्यात शेवटी तो स्वतःबद्दल भूतकाळात बोलतो, मी अमुक स्वभावाचा होतो असं, आणि आता असंच बोलायला हवं असंही म्हणतो. ऑगस्टमध्ये तो गेला. इतकं शांतपणे लिहिता आलं कारण लिहायला वेळ होता.

जिवंतपणी स्वतःच्या मरणाची बातमी वाचलेलं कोणी आहे का?

आहेत, बरेच. सगळ्यात वाईट प्रसंग मला मार्कस गार्व्ही यांचा वाटतो. जमैकात जन्मलेले, जगभरच्या कृष्णवर्णीयांची मोठी चळवळ उभी केलेले नेते. १९४० मध्ये लंडनला पक्षाघाताने आजारी असताना ते गेल्याची खोटी बातमी पसरली, पेपरांत छापून आली, आणि ती त्यांच्याच वाचनात आली. त्यात त्यांच्याबद्दल अजिबात चांगलं लिहिलेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत, १० जूनला, ते खरंच गेले. इतकं काम केलेल्या माणसाचंही दुसरा कोणीतरी असं चार ओळींत आवरून टाकू शकतो, म्हणून मी म्हणते की आपली बाजू आपल्या हाताने कुठेतरी लिहिलेली असू दे.

कोरं पान समोर आलं की काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

लेख लिहायला बसूच नका. आधी नुसती माहिती काढा: पूर्ण नाव, लग्नाआधीचं नाव असेल तर ते, घरात आणि मित्रांत ज्या नावाने हाक मारतात ते, जन्माचं साल आणि ठिकाण, आई-वडिलांची नावं, शिक्षण, नोकऱ्या किंवा धंदा सालांसकट, कुठे कुठे राहिलात, कुठल्या संस्थांचं काम केलं. नावांचं स्पेलिंग आणि सालं नीट तपासून लिहा, कारण नंतर ती तपासायला कोणाला सवड नसते आणि चूक छापली गेली की तीच पुढे कायम राहते. एवढं एका बैठकीत होतं, आणि समजा पुढे काहीच झालं नाही तरी या एका कागदाने घरच्यांचं अर्धं काम हलकं होतं.

नंतर दुसऱ्या दिवशी, घाई न करता, स्वतःला प्रश्न विचारा. सगळ्यात जिवंत कधी वाटलं होतं? कोणतं काम परत करायला मिळालं तर करेन? कोणी मला घडवलं, मी कोणाला काय शिकवलं? घरच्यांना माझ्याबद्दल काय माहीत असावं असं वाटतं? हे प्रश्न हवेतून आलेले नाहीत. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी डिग्निटी थेरपी नावाची पद्धत तयार केली, त्यात साधारण अशाच प्रश्नांवर रुग्णाशी बोलतात, रेकॉर्ड करतात, ते उतरवून नीटनेटकं करतात, रुग्णाला वाचून दाखवतात आणि मग तो कागद त्याच्या माणसांसाठी त्याच्याच हातात देतात. २००५ मध्ये त्यांनी १०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९१ टक्के रुग्णांनी समाधान वाटल्याचं सांगितलं. तेव्हा हे लिहिणं फक्त मागच्यांसाठी असतं असं नाही, लिहिणाऱ्यालाही त्यातून बरंच काही मिळतं.

प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांना हवेहवेसे असं लिहायचं ना?

शक्यतो नको. या उत्तरावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक मृत्युलेख इथेच निर्जीव होतात. मनमिळाऊ कोणाच्याही नावापुढे लावता येतं, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात कोणाचाच चेहरा येत नाही. विशेषण मनात आलं की थांबा आणि विचारा, हे कशावरून? कोणी तसं म्हणालं होतं का, कुठल्या प्रसंगात? मग तो प्रसंगच लिहा आणि विशेषण काढून टाका.

समजा शिक्षिका आहात. "विद्यार्थिप्रिय शिक्षिका" ऐवजी "वर्गात मागे बसणाऱ्या मुलांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करायची आणि त्यांनाच आधी प्रश्न विचारायची" असं लिहा. समजा गाड्या दुरुस्त करत होतात. "कष्टाळू आणि प्रामाणिक" ऐवजी "जुना काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात देऊन काय बिघडलं होतं ते दाखवल्याशिवाय पैसे घेतले नाहीत" हे लिहा. आणि ज्या बाईने आयुष्यभर घर सांभाळलं तिने तर मुळीच "गृहिणी" एवढ्यावर सोडू नये, कारण त्या एका शब्दाखाली आजारपणं काढणं, पैशांचा हिशोब, मुलांचे अभ्यास, म्हाताऱ्यांची सेवा, भांडणं मिटवणं असं सगळं दबून जातं आणि ते कुठल्याच कागदावर दुसरीकडे लिहिलेलं नसतं. नोकरी केलेल्या माणसाचा निदान सर्व्हिस रेकॉर्ड असतो. तिचा हा एकच कागद असणार आहे, तेव्हा तिने तर सगळ्यात मोठा लिहावा.

असे प्रसंग दोन किंवा तीन पुरतात. जास्त झाले की वाचणाऱ्याला एकही लक्षात राहत नाही.

पदं, पुरस्कार, डिग्र्या किती घालू?

थॉमस जेफरसनने स्वतःच्या थडग्यासाठी तीनच गोष्टी लिहून ठेवल्या: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियातल्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. दोन वेळा देशाचा अध्यक्ष होता, ते घातलंच नाही. लोकांनी दिलेलं पद गाळलं आणि स्वतः केलेलं काम ठेवलं. तुमची लिस्ट मोठी असेल तर हीच चाळणी लावून बघा. बाकीची यादी शेवटी वेगळ्या कागदावर जोडा, एखाद्या संस्थेला लागली तर तिथून घेतील.

"मी" म्हणून लिहू की "ते", "त्या" म्हणून?

पेपरला द्यायचा मजकूर "त्या", "ते" असाच ठेवा, बऱ्याच ठिकाणी तसाच घेतात आणि घरच्यांना बदल करणंही सोपं जातं. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी "मी" म्हणून लिहिलेलं जास्त जवळचं वाटतं. अमेरिकन स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड यांनी तर न्यूयॉर्क टाइम्ससाठी आधी व्हिडिओ करून ठेवला होता, त्याची सुरुवातच "मी आर्ट बुकवाल्ड, आणि मी नुकताच मेलो" अशी होती. ते जानेवारी २००७ मध्ये गेले तेव्हा तो दाखवला गेला. ते त्यांना शोभलं कारण आयुष्यभर ते तसंच लिहायचे. तुम्ही जसे बोलता तसंच लिहा, एरवी गंभीर असाल तर इथे मुद्दाम गंमत करायला जाऊ नका, आणि एरवी हसवणारे असाल तर उगाच जड भाषा वापरू नका.

मृत्यूची तारीख, वय, कारण हे तर आत्ता माहीत नाही.

तिथे मोकळी जागा सोडा आणि ती ठळक दिसेल अशी करा, पिवळा रंग द्या किंवा "इथे भरा" असं लिहा, नाहीतर गडबडीत तशीच रिकामी छापली जाते. वय लिहू नका, जन्मसाल लिहा.

कारणाबद्दल तुमची इच्छा आत्ताच सांगून ठेवता येते. काहींना आजाराचं नाव स्पष्ट यावं असं वाटतं म्हणजे दुसरे वेळेत तपासणी करून घेतील, काहींना ते खाजगी ठेवायचं असतं. दोन्ही ठीक आहे. फक्त एका ओळीत लिहून ठेवा म्हणजे त्यावरून घरात वाद होत नाहीत.

कुटुंबीयांची यादी कशी करायची? आमच्याकडे जरा गुंतागुंत आहे.

गुंतागुंत बहुतेक घरांत असते आणि म्हणूनच ही यादी स्वतः करावी. "त्यांच्या पश्चात" नंतर कोणाचं नाव आलं आणि कोणाचं राहिलं यावरून नाती वर्षानुवर्षं तुटलेली मी बघितली आहेत. घटस्फोट, दुसरं लग्न, सावत्र मुलं, दत्तक मूल, लग्न न करता एकत्र राहिलेला जोडीदार, लहानपणीच गेलेलं मूल, बोलणं बंद असलेला भाऊ, या सगळ्यांबद्दल तुमच्या मनात काय आहे ते मागे राहिलेल्यांना ठरवता येत नाही, आणि ठरवलं तरी कोणीतरी दुखावतं आणि दोष मात्र लिहिणाऱ्यावर येतो. तुमच्या हातचं असेल तर कोणाला कोणाशी भांडता येत नाही.

माझं मत असं की दुरावलेल्या मुलाचं नाव गाळू नये. नातं कसं होतं ते लिहायची गरज नाही, नुसतं नाव असावं. ज्या जोडीदाराला कागदावर काही स्थान नाही त्याचं किंवा तिचं नाव तर आवर्जून, पहिलं, पूर्ण लिहा, कारण त्या दिवसात त्या माणसाला घरात उभं राहायला तुमच्या अक्षराचाच आधार असेल. फक्त ते नातं उघड झालेलं त्या व्यक्तीला चालणार आहे ना, हे आधी विचारा. आणि रक्ताचं नातं नसलेले, म्हणजे शेवटपर्यंत सांभाळणारी मदतनीस, शेजारी, जिवलग मित्र, यांना "परिवारात" घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

ज्यांनी आयुष्यभर त्रास दिला त्यांच्याबद्दल खरं लिहू का?

या लेखात नको. त्यांना उत्तर देता येणार नाही हे एक, पण त्याहून मोठं कारण म्हणजे तो राग झेलायला तुम्ही नसाल, तुमची मुलं असतील. मनातलं काढायचंच असेल तर वेगळं पत्र लिहा, पाठवा किंवा फाडा. पेपर आणि वेबसाईटही बदनामीच्या भीतीने असा मजकूर बहुतेक घेत नाहीत.

आणि माझ्या स्वतःच्या चुका? व्यसन, कर्जबाजारीपणा, तुरुंगवास?

हे तुम्ही ठरवायचं. लपवलं तर खोटेपणा झाला असं नाही, मृत्युलेख म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पण जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि जिच्यातून तुम्ही बाहेर आलात ती स्वतःच्या शब्दांत आली तर वाचणाऱ्या एखाद्याला तिचा फार आधार होतो. "अमुक साली दारू सोडली, त्यानंतर इतरांची सोडवायला मदत केली" एवढं वाक्य पुरे, सगळा तपशील नको.

घरात कोणालाच माहीत नसलेली मोठी गोष्ट आहे, ती यातून सांगितली तर?

नको, मनापासून सांगते. मृत्युलेखातून अशी गोष्ट कळलेल्या माणसाला विचारायला समोर कोणीच नसतं. ती गोष्ट जिवंत असताना बसून सांगा, फार अवघड असेल तर समुपदेशकाच्या मदतीने सांगा, अगदीच नाही जमलं तर त्या एका व्यक्तीच्या नावे बंद पाकिटात पत्र ठेवा.

किती मोठा असावा?

तीन लांबीचे करा. एक चार-पाच ओळींचा, जो मेसेजवर फिरेल. एक दीडशे-दोनशे शब्दांचा, पेपरसाठी, कारण पेपरात पैसे देऊन छापायचं तर जागेप्रमाणे किंवा शब्दांप्रमाणे आकारतात. आणि एक मनसोक्त, घरच्यांसाठी. मोठा आधी लिहा, मग त्यातून छाटत या, उलटं केलं तर फार कोरडं होतं.

अंत्यविधी कसा करावा, अवयवदान, मालमत्ता हे पण यातच लिहिलं तर एकदम होईल ना?

नाही होणार, आणि यात खरंच नुकसान होतं. मृत्युलेख म्हणजे मृत्युपत्र नाही, त्यात लिहिलेल्या वाटणीला कायद्याने काही अर्थ नाही. अवयवदान, नेत्रदान, देहदानाचं तर काही तासांच्या आत ठरवावं लागतं, आणि मृत्युलेख बरेचदा त्यानंतर उघडला जातो. त्यासाठीची नोंदणी वेगळी करा, जवळच्या माणसांना तोंडी सांगा. विधी करायचे की नाही, कसे करायचे हे एका वेगळ्या पानावर लिहून सगळ्यात वर ठेवा.

काय लिहू नये, सुरक्षेच्या दृष्टीने?

घराचा पत्ता, पूर्ण जन्मतारीख, कुठलेही ओळखपत्रांचे नंबर, आणि आईचं माहेरचं आडनाव जाहीर होणाऱ्या मजकुरात घालू नका. गेलेल्या माणसाच्या नावाने कर्ज काढणं, खाती उघडणं हे प्रकार होतात आणि त्यांना लागणारी माहिती असल्या मजकुरातूनच मिळते. अंत्यविधीची वेळ आणि घराचा पत्ता एकत्र छापला की घर कधी रिकामं असणार ते चोरालाही कळतं. नातवंडांची पूर्ण नावं आणि शाळा पण नको.

फोटो कुठला?

तुम्हाला आवडणारा, आत्ताच निवडलेला. नाहीतर ओळखपत्रावरचा किंवा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला लागतो. मूळ फाईल ठेवा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली नको, तिथे साईज कमी होऊन छापताना धूसर येते.

एआयकडून लिहून घेतला तर?

लांबी कमी करायला, शुद्धलेखन बघायला वापरा. पण "माझा मृत्युलेख लिही" म्हणून पहिला ड्राफ्टच मागितलात तर वर ज्या विशेषणांबद्दल बोलले तीच भरून येतात, आणि कधी कधी तुम्ही न मिळवलेले पुरस्कारही येतात. साल, नाव, ठिकाण, प्रत्येक शब्द स्वतः तपासा. तुमचं एखादं वाक्य वाकडंतिकडं असेल तर असू द्या, घरच्यांना त्यातच तुमचा आवाज ऐकू येईल.

लिहून झाल्यावर ठेवायचा कुठे?

जिथे दोन माणसांना लगेच सापडेल तिथे. बँकेच्या लॉकरमध्ये नको, तो उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. फक्त स्वतःच्या फोनमध्ये नको, पासवर्ड तुमच्याबरोबर जातो. एक छापील प्रत महत्त्वाच्या कागदांच्या फाईलमध्ये, एक प्रत दोघांना ईमेलने, आणि फाईलच्या नावात तुमचं नाव आणि लिहिल्याची तारीख. जाहीर कोणी करायचं त्या एकाच माणसाचं नाव वर लिहा, आणि हेही लिहा की अमुक अमुक लोकांना आधी फोन करून मगच कुठेही टाकायचं. आपलं माणूस गेल्याचं कोणाला स्टेटस बघून कळू नये.

वर मोठ्या अक्षरात "मसुदा, प्रसिद्ध करू नये" असं लिहा आणि सोशल मीडियाच्या ड्राफ्टमध्ये किंवा शेड्यूल पोस्टमध्ये कधीच ठेवू नका. २००८ च्या ऑगस्टमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेकडून ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचा तयार मृत्युलेख अपडेट करताना चुकून बाहेर गेला, ते तेव्हा हयात होते. एवढ्या मोठ्या ठिकाणी होतं तर आपल्या हातूनही होऊ शकतं.

फेसबुक, गुगल, ॲपल वगैरे अकाउंटचं काय?

थोडक्यात सांगते. फेसबुकवर वारस संपर्क (legacy contact), म्हणजे आपल्यामागे अकाउंट बघणारा माणूस, नेमता येतो, तो तुमच्या प्रोफाईलवर वर पिन केलेली पोस्ट लिहू शकतो, पण तुमचे मेसेज वाचू शकत नाही. मृत्युलेख टाकायला ही चांगली सोय आहे. गुगलमध्ये ३, ६, १२ किंवा १८ महिने अकाउंट वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते ठरवता येतं, पण मुदत बघा, पहिल्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही. ॲपलमध्ये नेमलेल्या माणसाला एक ॲक्सेस की मिळते, ती आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतं, म्हणून ती की छापून फाईलमध्ये ठेवा.

किती वेळा अपडेट करायचा?

वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आसपास, आणि घरात लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट काही झालं की लगेच. यादीत गेलेल्या माणसाचं नाव हयात म्हणून छापलं गेलं की घरच्यांना फार लागतं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये हॉलिवूडच्या अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांचा मृत्युलेख २०११ मध्ये छापला गेला तेव्हा तो मुख्यतः लिहिणारे मेल गुसॉ स्वतः २००५ मध्येच गेलेले होते, मजकूर टिकला कारण तो वेळोवेळी कोणीतरी सांभाळत होतं.

आईला किंवा बाबांना लिहायचंय पण आता हात चालत नाही.

तुम्ही विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको, ज्या वेळी त्यांना बरं वाटतं त्या वेळी, आणि एका वेळी एकच विषय. आधी विचारून घ्या की रेकॉर्ड केलेलं चालेल ना. मध्ये शांत झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच खरी गोष्ट येते. उतरवून झालं की वाचून दाखवा, ते नक्की काहीतरी दुरुस्त करतील. त्यांनी वापरलेले शब्द बदलू नका.

लिहिताना खूप रडू येतं. थांबावं का?

रडू येणं साहजिक आहे, थांबा, दुसऱ्या दिवशी परत बसा. बऱ्याच जणांना न केलेल्या गोष्टी लिहिताना जास्त त्रास होतो, कोणाला तरी फोन करायचा राहिलाय, कोणाची माफी मागायची राहिलीय. त्यासाठी लेख थांबवा आणि तो फोन करा.

पण हे लिहावंसं वाटण्यामागे जगायचंच नको असं काही मनात येत असेल, तर हा कागद बाजूला ठेवा आणि आजच जवळच्या कोणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगा, डॉक्टरांकडे जा किंवा हेल्पलाईनला फोन करा. रात्र असेल तरी कोणाला तरी उठवा. मृत्युलेख नंतर कधीही लिहिता येतो.

घरचे ऐकूनच घेत नाहीत, विषय काढला की उठून जातात.

मग सगळ्यांसमोर काढू नका. घरातला एक माणूस निवडा, ज्याच्यावर अशा वेळी सगळं पडणार आहे तो, आणि त्याला फक्त फाईल कुठे आहे ते दाखवा, वाचायला लावू नका. तेवढ्याने काम होतं.

मी लिहिलेलं त्यांनी नंतर बदललं तर?

बदलतील, आणि बदलू द्या. त्यांना तुमच्याबद्दल जे म्हणायचं असतं ते तुम्हाला कधीच लिहिता आलं नसतं. शेवटी एक मोकळा परिच्छेद त्यांच्यासाठी ठेवा, आणि सोबत एक चिठ्ठी लावा की भाषा बदला, लांबी कमी करा, फोटो दुसरा घ्या, पण अमुक दोन-तीन वाक्यं तशीच राहू द्या. त्या वाक्यांखाली रेघ मारून ठेवा, आणि ती दोन-तीनच असू द्या, जास्त मारल्यात तर त्या घाईत कोणी पाळणार नाही.